चिमणी, युरिया आणि माझा दिवाळसण

पाटावर बसलो होतो. कपाळाला कुंकू लागलं होतं, सुपारी आणि अंगठी डोक्याभोवती फिरवून झाली होती आणि बायको निरांजनाचं ताट हातात घेऊन दुसरी फेरी घेत होती, तेवढ्यात दारात स्कूटर थांबली.

"डॉक्टर हायत काय आत? शंकऱ्याची चिमणी आडवी पडल्या!"

सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. "चिमणी? पक्ष्यांचंही बघता का हो तुम्ही?"

लग्नानंतरचा पहिला पाडवा होता, आणि सासुरवाडी कोल्हापुरातच. दिवाळसणाला सासुरवाडीला आलेला जावई म्हणजे त्या दिवसापुरता संस्थानिकच. सासऱ्यांनी टेरिलीनची नवी पँट आणि पांढरा शर्ट केला होता. मी तो घालून ताठ बसलो होतो. दारात आलेला माणूस म्हणजे नाना, गवळी गल्लीच्या तोंडाशी त्यांचा फोटो स्टुडिओ. एरवी नाना संथ बोलायचे, गिऱ्हाईक हलू नये म्हणून तशी सवयच लागली होती. आज त्यांना धाप लागली होती.

"काय होतंय तिला?" मी पाटावरूनच विचारलं.

"कापाय लागल्या. तोंडाला फेस हाय. फोटोसाठी उभी केलती, झूल बिल घालून, आन् माझ्या कॅमेऱ्यासमोरच गुडघ्यावर बसली."

मी उठलो. बायको ताट धरून तशीच उभी. एक फेरी राहिली होती. "अहो, निदान तेवढं तरी," ती म्हणाली. मी स्वतःच निरांजनावर हात फिरवून डोळ्यांना लावला आणि दाराकडे पळालो. दाराबाहेर, चपलांच्या शेजारी, माझी औषधांची बॅग होती. ती मी सणालासुद्धा बरोबर घेऊन आलो होतो. सासूबाईंनी तिचा वास घेऊन तिची जागा चपलांत ठरवली होती.

आता हे शंकर आणि चिमणी कोण ते सांगायला हवं.

शंकर गवळ्याच्या गोठ्यात पाच म्हशी होत्या. रोज सकाळी तो त्यातल्या दोन गंगावेशीच्या कट्ट्यावर नेऊन उभ्या करायचा. तालमीतून आलेले पैलवान ग्लास घेऊन थांबायचे आणि शंकर त्यांच्यासमोर धार काढून द्यायचा. चिमणी ही त्यातली पट्टीची म्हैस. नावावर जाऊ नका. ती दारातून आत शिरली की गोठ्यात अंधार व्हायचा. तिच्या दुधावर शंकरचं घर चालायचं, हे तर खरंच. पण गल्लीत त्याला जो मान होता तोही चिमणीमुळे. पाडव्याला कोल्हापुरात गवळी आपापल्या म्हशी सजवून बाहेर काढतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात, गळ्यात चाळ. मालक पुढं फटफटीवरून हाक मारत जातो आणि म्हैस त्याच्या मागून घोड्यासारखी पळते. दोन वर्षं चिमणीच्या तोडीची म्हैस गल्लीत निघाली नव्हती.

मी तेव्हा दूध संघाच्या नोकरीत नवा होतो. जनावरांचा डॉक्टर, वय सत्तावीस, डोक्यात पुस्तकं ठासून भरलेली. आमच्याकडे एक योजना आली होती. तिचा जिल्ह्यातला प्रचारक मी.

योजना समजायला सोपी आहे. त्या वर्षी पाऊस गणपती उठायच्या आतच गेला होता. हिरवं गवत वाळलं. गवळ्यांनी भाताचं पिंजर विकत घेऊन गव्हाणी भरल्या. पिंजर म्हणजे मळून झालेल्या भाताचा वाळका पेंढा. म्हैस ते खाते, पोट भरतं, पण अंगाला लागत नाही. कारण असं की म्हैस स्वतः पिंजर पचवतच नाही. तिच्या कोठीपोटात, म्हणजे चार पोटांपैकी सगळ्यात मोठ्या पोटात, असंख्य बारीक जीवाणू असतात. ते पिंजर फोडतात, त्यावर वाढतात, आणि मग म्हैस त्यांनाच पचवते. ह्या जीवाणूंना वाढायला नत्र लागतो. पेंडीत नत्र असतो, हिरव्या चाऱ्यात असतो. पिंजरात जवळजवळ नसतो. मी इचलकरंजीकडच्या म्हशी पाळणाऱ्या यंत्रमागवाल्यांना सांगायचो, "उभा धागा हाय, आडवा धागा न्हाई. कापड कसं निघणार?" ते लगेच माना हलवायचे.

पेंड महाग. मग स्वस्त नत्र कुठला? युरिया. तोच, शेतात घालायचा. अगदी थोडा युरिया पाण्यात विरघळवायचा, साखर कारखान्याच्या मळीत, म्हणजे उसाच्या त्या काळ्या दाट पाकात मिसळायचा आणि बारीक केलेल्या पिंजरावर शिंपडायचा. थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायचा. जीवाणूंना नत्र मिळतो, म्हैस पिंजर जास्त खाते आणि पचवते.

ह्यात धोका एकच. कोठीपोटात युरियाचा अमोनिया होतो. थोडा थोडा झाला तर जीवाणू तो वापरून टाकतात. एकदम झाला तर उरलेला रक्तात जातो, आणि तो विष आहे. म्हणून तीन नियम होते. माप चुकवायचं नाही. उपाशी जनावराला द्यायचा नाही. आणि पाण्यात घालून प्यायला तर अजिबात द्यायचा नाही.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. लोकांना ते ऐकायचंच नव्हतं. कळंब्याकडच्या एका शेतकऱ्यानं मला गोठ्यातच अडवलं होतं. "खत? म्हशीला खत? पिकाला घालायचं ते म्हशीला घातलं तर तिला काय कणसं येणार व्हय?" बाकीचे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. महिन्याभरात मी अकरा गोठ्यांतून असा हसत बाहेर पडलो.

बारावा गोठा शंकरचा. शंकर तयार होता. अडचण त्याच्या आईची. तिला सगळी गल्ली आव्वा म्हणायची. म्हशींना काय आणि किती घालायचं हे आव्वा ठरवायची. शंकरचं राज्य गोठ्याच्या उंबऱ्याबाहेर.

"आव्वाला खत म्हनून सांगू नगा," शंकर मला गोठ्यामागं नेऊन म्हणाला. "पोतं उचलून गटारीत ओतंल. तुमालाबी मागनं ओतंल."

"मग काय सांगू?"

"कायबी सांगा. गोड लागतंय की."

आणि मी, शिकलेला माणूस, तसंच केलं. युरिया साध्या पिशवीत नेला. आव्वासमोर बादलीत मळी ओतली, पूड विरघळवली. बूट पॉलिशच्या डबीचं झाकण घासून स्वच्छ केलं होतं, ते माप. एका म्हशीला सपाट एक झाकण. आव्वानं बादलीत बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"काकवीगत लागतंय," ती म्हणाली. "पर मागनं जरा कडू मारतंय. काय घातलंस त्यात?"

"शक्तीची पूड आहे, आव्वा. म्हशींचा खाऊच समजा."

तिला ते पटलं. त्या दिवसापासून तिनं त्याला 'गोडवणी' म्हणायला सुरुवात केली. मी सायकलवरून घरी जाताना स्वतःवर फार खूश होतो. नियमांचा कागद शंकरला दिला होता आणि त्यानं तो गोठ्याच्या भिंतीवर चिकटवलाही होता. आव्वाला वाचता येत नव्हतं, एवढंच माझ्या लक्षात आलं नाही.

हे सगळं झाल्याला दहा दिवस झाले होते, आणि आता मी नानांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर बॅग धरून, मनात एकच धावा करत होतो: दुसरं काहीही असू दे. साप चावलेला असू दे. मिरवणुकीत ऊन लागलेलं असू दे. माझी पूड तेवढी नको.

गोठ्यासमोर माणसांचा गराडा होता. चिमणी अंगणात एका कुशीवर पडली होती. शिंगं हिंगुळानं लाल, कपाळावर आरसे लावलेली पट्टी, पाठीवर जरीची झूल. आणि त्या सगळ्या थाटाखाली तिचं अंग थरथरत होतं. कान फडफडत होते, मध्येच दात करकर वाजायचे. डावी कूस ढोलासारखी फुगली होती. प्रत्येक श्वासाला ती कण्हत होती.

"नजर लागली," कोणीतरी म्हणालं. "एवढी सजवली, एवढी पळवली. लागणारच की."

मिरच्यांचा धूर आधीच झाला होता. सगळे खोकत होते.

"शंकर, काय खाल्लं हिनं?"

"काय न्हाई हो! सकाळी पंचगंगेवर धुतली, तवापासनं दावणीला बांधलीच न्हाई. पळवायची म्हनून पोट रिकामं ठेवलतं. पळून आली, नैवेद्याची पोळी खाल्ली, बास."

"किती वेळ झाला येऊन?"

"अर्धा तास. पाऊण धरा."

पोट रिकामं. पाऊण तास. बॅगेतून रबरी नळी काढली. ही नळी तोंडातून थेट कोठीपोटात घालतात. दोघांनी चिमणीचं डोकं उचलून धरलं, मी लाकडी तुकडा तिच्या दातांत अडकवून नळी हळूहळू आत सरकवली. नळी चुकून श्वासनळीत गेली तर मीच तिला मारणार होतो. टोकाशी नाक नेऊन ती बरोबर पोटात गेल्याची खात्री करायची असते.

मी नाक नेलं आणि झटक्यात मागे घेतलं. फुस्सकन हवा आली. डोळ्यांतून पाणी. सार्वजनिक मुतारीत मे महिन्यात जो येतो तसा, त्याच्या चौपट उग्र वास.

अमोनिया. आता देवाला साकडं घालून काही उपयोग नव्हता.

"हिला गोडवणी कोणी दिली?"

शंकरनं माझ्याकडे पाहिलं, मग वळून आईकडे. आव्वा जोत्यावर बसली होती, नव्या लुगड्याचा पदर तोंडाला लावून.

"आव्वा, खरं सांगा. किती दिली?"

"सणाचा दिवस," आव्वा म्हणाली. आवाज एरवीपेक्षा लहान. "सगळ्यांच्या तोंडात गोड गेलं, मग जिनं पळून घराण्याचं नाव राखलं तिला गोड नगो? पाचीजणींची गोडवणी कालवून ठेवलीती. पिंजर मिसळायचं ऱ्हायलं हुतं. म्हटलं, आज चिमणीलाच दीऊ सगळी. आख्खी बादली एका दमात पिली बघ."

पाच झाकणं. उपाशी पोटी. पाण्यात. माझे तिन्ही नियम एका बादलीत.

"मी काय इख घातलं व्हय रे तिला?" आव्वानं विचारलं.

उत्तर 'हो' होतं, आणि त्यातला गुन्हेगार ती नव्हती.

उपाय मला माहीत होता. पुस्तकात दोनच ओळी होत्या: भरपूर थंड पाणी आणि व्हिनेगर पाजा. थंड पाण्यानं कोठीपोट गार पडतं आणि युरियाचा अमोनिया व्हायचा वेग कमी होतो. आंबट पदार्थ अमोनियाला धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. सोपं आहे. फक्त ज्यानं पुस्तक लिहिलं त्याच्या देशात व्हिनेगर वाण्याकडे मिळत असावं.

"माठातलं, रांजणातलं, मिळेल ते गार पाणी आणा. आणि आंबट ताक."

पाणी घागरींनी आलं. ताक आलं नाही. दिवाळीत कोणाच्या घरी आंबट ताक उरतं? गल्लीभर फिरून एक तांब्या मिळाला, तोही जेमतेम आंबट. पाच-सहा लिंबं आली. ती पिळून पाण्यात घातली आणि नरसाळ्यानं नळीत सोडली. गवताच्या गंजीला आग लागली असताना पेल्यानं पाणी मारावं तसं वाटत होतं.

"व्हिनेगर कुठं मिळेल?" मी विचारलं.

"ते काय असतंय?" शंकरनं विचारलं.

"शिरका. आंबट. दवाखाना, औषधांचं दुकान..."

"पाडवा हाय डॉक्टर. दुकानं पूजा करून बंद."

चिमणीचे पाय ताठ झाले आणि एक झटका आला. आव्वा ओरडली. कोणीतरी मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणालं, "हा शिकाऊ हाय वाटतं." शंकर माझ्याजवळ वाकून बोलला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"चिमणी गेली तर मी आव्वाला काय सांगू? तिनं मारली म्हनून सांगू, का आपण दोघांनी?"

तेवढ्यात मागून नाना म्हणाले, "डॉक्टर, आंबटच पायजे न्हवं? आमच्यात फोटो धुताना ॲसेटिक ॲसिड लागतंय. त्याचाबी वास शिरक्यागतच येतोय. चालंल?"

व्हिनेगर म्हणजे पाण्यात पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिडच.

"पळा!"

नाना पाच मिनिटांत बाटली घेऊन आले. तपकिरी काच, अर्ध्याहून जास्त भरलेली. आणि लेबल ओघळ लागून लागून खाऊन गेलेलं. अक्षर दिसेना.

आता इथं एक घोटाळा होता. ते ॲसिड आधीच पातळ केलेलं असेल आणि मी आणखी पातळ केलं, तर उपयोग शून्य. निव्वळ असेल आणि मी कमी पाणी घातलं, तर चिमणीचं पोट आतून भाजून निघेल. म्हणजे दोन्हीकडून मीच.

"नाना, हे निव्वळ आहे का पाणी घातलेलं?"

"तसं आठवत न्हाई हो. गेल्या वर्षी आणलीय."

"नीट आठवा. कसलं पाणी घालता, किती घालता?"

"आमी आपलं टोपणानं... अंदाजपंचे." नाना घामाघूम झाले होते. मग एकदम म्हणाले, "थंडीत लई तरास देतंय बघा. पौषात सकाळी स्टुडिओ उघडला की बाटलीत गोठलेलं असतंय. बर्फागत. मग उन्हात ठेवायला लागतंय."

निव्वळ ॲसेटिक ॲसिडच कोल्हापूरच्या थंडीत गोठतं. पाणी मिसळलेलं इतक्या सहज गोठत नाही. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, आणि तेव्हा ते ऐकून मी मनात म्हणालो होतो की हे कुणाला उपयोगी पडणार.

"आव्वा, एक वाटी द्या. आणि पितळेची नको, काचेची किंवा चिनी मातीची."

आव्वाच्या घरात चिनी मातीचा एकच कप होता, पाहुण्यांसाठी जपलेला. तो आला. दोन कप ॲसिडला चाळीस कप पाणी. आधी पाणी मोजायचं, मग त्यात ॲसिड हळूहळू. नाना मोठ्यानं मोजत होते. सव्वीसवर कोणीतरी मध्येच काही विचारलं तर शंकर त्याच्यावर असा खेकसला की पुढचे चौदा कप सगळी गल्ली नानांबरोबर मोजत होती. मिश्रण मी बोटानं चाखलं. लोणच्याच्या खारासारखं आंबट. जीभ भाजली नाही.

नळीतून ते आत सोडलं. मागून दोन घागरी गार पाणी. नळी हलू नये म्हणून मी चिमणीच्या तोंडाशी गुडघे टेकून बसलो होतो. तिचा फेस, शेण, हिंगुळ, सगळं सासऱ्यांच्या टेरिलीनवर उतरत होतं.

मग वाट बघणं. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात अवघड काम. करण्यासारखं काही उरत नाही आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघत असतात. मी आपला दर दोन मिनिटांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोपचं नळकांडं लावून ऐकत होतो. ऐकू काही येत नव्हतं, माझंच काळीज धडधडत होतं. अर्धा तास गेला. थरथर तशीच. कान मात्र फडफडायचे थांबले. ते चांगलं का वाईट, मला ठरवता येईना. मरतानाही कान थांबतात.

आव्वा उठून आली आणि चिमणीच्या डोक्याशी बसली. तिनं कपाळावरची आरशांची पट्टी सोडली, झूल ओढून काढली. "ओझं झालं असंल," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "खरं सांग लेकरा. काय हुतं त्यात?"

शंकरनं मान खाली घातली.

"युरिया," मी म्हणालो. "खत. थोडं दिलं तर फायद्याचं, जास्त झालं तर विष. तुम्ही फेकून द्याल म्हणून मी तुम्हाला खाऊ सांगितला. चूक माझी आहे, आव्वा. तुमची नाही."

मला वाटलं, आता मला गटारीत ओतणार. आव्वा म्हशीच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "इख हाय म्हटलं असतंस तर मी डोळ्यांत तेल घालून मापलं असतं. खाऊ म्हटलास. खाऊ कोण मापतंय?"

मी पुन्हा नळी घातली, आणखी एक बादली आंबट पाणी सोडलं. या वेळी बाहेर आलेल्या हवेनं डोळे चुरचुरले, पण पाणी आलं नाही. मी ते कोणाला सांगितलं नाही. नानांनाही हुंगायला लावलं. ते म्हणाले, "मघापेक्षा बरं हाय."

उन्हं कलली. चिमणीनं एकदा मान उचलली, पुन्हा टाकली. मग पुढचे पाय दुमडून छातीवर बसली. शंकरनं तिच्या शेपटाकडून जोर लावला, गल्लीतले चार पैलवान कुशीला भिडले, आणि "हुप्प!" म्हणून ती उभी राहिली. पाय फाकलेले, डोळे तारवटलेले. उभी राहिल्या राहिल्या तिनं माझ्या डाव्या बुटात घोटाभर मूत सोडलं.

कोणीतरी टाळी वाजवली. मी म्हणालो, "थांबा. अजून नाही."

मला एका गोष्टीची वाट बघायची होती. दिवे लागायच्या सुमाराला ती दिसली. चिमणीचा जबडा एकदा आडवा हलला. थांबला. परत हलला. मग संथपणे, जसं काही झालंच नाही अशा तोऱ्यात, ती रवंथ करू लागली. म्हणजे कोठीपोट पुन्हा चालू झालं. जनावरांच्या डॉक्टरला ह्यापेक्षा मोठा दाखला मिळत नाही.

मी जोत्यावर बसलो. आव्वानं पाहुण्यांच्या कपात चहा आणून दिला. मी कपाकडे बघितलं.

"घासलाय तीनदा," ती म्हणाली. "पी. खाऊच हाय."

नानांनी तेवढ्यात कॅमेरा लावला. "राहिलेला फोटो काढून घिऊया," म्हणाले. तो फोटो अजून आमच्या घरात आहे. चिमणी कॅमेऱ्याकडे बघतेय, शंकरचे डोळे मिटलेत, आव्वाचा पदर डोक्यावर आहे, आणि बाजूला एक इसम खांद्यावर रबरी नळी टाकून उभा आहे. माझी मुलगी लहान असताना विचारायची, "हा गॅरेजवाला कोण?"

सासुरवाडीला पोचलो तेव्हा सासऱ्यांनी माझ्या पँटकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आधी मोरीकडून या." बायकोनं आंघोळ झाल्यावर राहिलेली फेरी पूर्ण केली, तीही ताट हातभर लांब धरून. अजून दर पाडव्याला पाट मांडला की ती विचारते, "बसताय ओवाळून घ्यायला, का कुठली म्हैस पडलीय का ते बघून येताय?"

सुट्टी संपल्यावर देसाई साहेबांसमोर उभा राहिलो. ते माझे वरिष्ठ. सगळं ऐकून घेतलं.

"रिपोर्ट लिहा."

"काय लिहू, सर?"

"म्हैस वाचली असं लिहा."

"आणि तिला काय झालं होतं ते?"

"तेही लिहावं लागेलच. त्याशिवाय वाचली कशातून, ते कसं कळणार?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि तूर्त तुमची योजना बंद. लोकांना काय खायला घालतोय ते सांगायची लाज वाटत असेल, तर ते घालू नये."

चिमणीचं दूध चार दिवस आटलं, पाचव्या दिवशी परत आलं. मी शंकरच्या गल्लीतून जायचं टाळत होतो. योजना मेली, असं धरून चाललो होतो. पंधरवड्यानं शंकर ऑफिसात आला. आव्वानं बोलावलं होतं.

मी घाबरतच गेलो. आव्वानं मला गव्हाणीकडे नेलं. म्हशींनी चघळून टाकलेल्या पिंजराचा ढीग पडला होता.

"तुझी पूड हुती तवा एवढं उरत नव्हतं. काडी न् काडी खायाच्या. दुधावर सायबी जाड येत हुती. मी बघत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "आणून दे परत. पर ह्या बारीला नाव घिऊन दे. आन् डबा माझ्या ताब्यात."

पोत्याला तिनं कोणाला हात लावू दिला नाही. युरिया पत्र्याच्या डब्यात, डब्याला कुलूप, किल्ली कमरेला. झाकणावर बोट फिरवून सपाट केल्याशिवाय पूड बादलीत जाईना. कालवलेली गोडवणी लगेच पिंजरावर शिंपडायची, बादलीत ठेवायची नाही. म्हशी चरून आल्या आहेत की नाही हे ती प्रत्येकीच्या कुशीला हात लावून बघायची.

पुढच्या महिन्यात देसाई साहेब स्वतः बघायला आले. गल्लीतल्या बायकाही जमल्या होत्या. मी घसा साफ करून 'कोठीपोटातील जीवाणू' असं सुरू केलं. आव्वानं मला हातानंच बाजूला केलं. तो डबा सगळ्यांसमोर ठेवला.

"हे खत हाय," ती म्हणाली. "शेतातलं. आमच्या चिमणीनं एकदा बादलीभर पिलं आन् मरता मरता वाचली, सगळ्यांनी बघितलंय. उपाशी म्हशीला द्यायचं न्हाई. पाण्यातनं पाजायचं न्हाई. हे झाकण. एका म्हशीला एक."

बायका झाकणाकडे बघत होत्या. कोणी हसलं नाही. कणसांचं कोणी विचारलं नाही. त्या महिन्यात त्या गल्लीत नऊ गोठ्यांनी पूड नेली. विष म्हणून सांगितल्यावर.

मी नंतर योजनेचं माहितीपत्रक लिहिलं. पहिली ओळ होती, 'युरिया हे खत आहे.' शेवटची ओळ मी आव्वाची घातली होती, त्या दिवशी डबा उचलून आत जाता जाता वळून ती बोलली होती तीच. साहेबांनी ती ओळ अशास्त्रीय म्हणून खोडली. पत्रकं छापून आली तेव्हा मी दोन दिवस बसून प्रत्येकावर ती हातानं लिहिली:

सणाला बी एकच.